आपलं गाव महापालिकेत नेमकं कधी आणि किती गेलं, हे कागदावरून कसं शोधायचं

हवेली तालुक्यात कुठल्याही टपरीवर चहा घेता घेता विचारून बघा, "तुमचं गाव कॉर्पोरेशनात कधी गेलं?" एक म्हणेल सत्त्याण्णवला. दुसरा म्हणेल छे, दोन हजार सतराला. तिसरा सांगेल की अर्धं आधी गेलं, अर्धं नंतर. चौथा म्हणेल, गेलं होतं, मग बाहेर काढलं, मग पुन्हा घेतलं. भांडू नका, चौघांचंही खरं असू शकतं.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. लोक म्हणतात मोजणीवाला. निवृत्त झालो तरी लोक सातबारा घेऊन दारात येतातच. कुणाला जमीन विकायची असते, कुणाला गावच्या स्मरणिकेत 'गावाचा इतिहास' लिहायचा असतो, कुणाला टॅक्सची पावती बघून राग आलेला असतो. प्रश्न एकच असतो: "भाऊसाहेब, आपली हद्द नक्की कुठवर?" दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा पद्धत लिहून ठेवतो. उदाहरणं पुण्याच्या आसपासची देतो, कारण माझं आयुष्य तिथेच साखळी ओढण्यात गेलं. पण पद्धत ठाण्याला, नाशिकला, कोल्हापूरला, कुठेही चालेल.

आधी हे ठरवा की कोणती हद्द

निम्मा घोळ इथेच मिटतो. गावाला एकच हद्द असते असं आपण धरून चालतो. कागदावर निदान चार असतात.

पहिली महसुली गावाची. सातबाऱ्यावर 'मौजे अमुक' लिहिलेलं असतं ते हे गाव. याची शीव मोजणी खात्यानं आखलेली आणि ती बदलायची तर जमीन महसूल संहिता, १९६६ खाली अधिसूचना काढावी लागते. दुसरी ग्रामपंचायतीची. ती ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली जाहीर होते. एका महसुली गावात दोन पंचायती असू शकतात आणि दोन-तीन वाड्यांची मिळून एक ग्रुप ग्रामपंचायतही असू शकते. तिसरी महापालिकेची किंवा नगरपरिषदेची. चौथी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे तुमच्या बांधकामाचा नकाशा कोण मंजूर करणार त्याची. पोलीस ठाणं, दुय्यम निबंधक, पोस्ट, शाळेचं केंद्र यांच्या हद्दी मी मोजतच नाही, नाहीतर हा लेख संपायचा नाही.

हद्दवाढीत बहुतेक वेळा दुसरी रेघ पुसली जाते आणि तिसरी पुढे सरकते. पहिली तिथल्या तिथेच असते. महापालिकेत जाऊन कितीही वर्षं होवोत, नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) सुरू होईपर्यंत शेताचा सातबारा चालू राहतो आणि त्यावर 'तालुका हवेली' असतं. मिळकत पत्रिका झाली तरी गावाचं नाव सुटत नाही. पुण्यात शिवाजीनगरला ऐन शहरात फ्लॅट असलेल्यांनी आपली कागदपत्रं काढून बघावीत, त्यावर 'भांबुर्डे' लिहिलेलं दिसेल.

आणखी एक गल्लत. भूसंपादन म्हणजे हद्दवाढ नव्हे. कालव्याला, महामार्गाला, लष्कराला जमीन गेली की मालक बदलतो, सातबाऱ्यावर शासनाचं नाव लागतं. गावाची शीव त्यानं हलत नाही. "आमचं निम्मं गाव लष्करात गेलं" असं म्हातारी माणसं सांगतात तेव्हा ती मालकीबद्दल बोलत असतात. ते खातं वेगळं, त्याची वेगळी नोंद ठेवा.

हद्दींचे हे पदर एका ठिकाणी बघायचे असतील तर २०१७ ची यादी घ्या. ४ ऑक्टोबर २०१७ ला पुणे महापालिकेत ११ गावं घेतली. वर्तमानपत्रांत मथळा होता '११ गावे'. आता नावं नीट वाचा: लोहगाव (उर्वरित), मुंढवा (उर्वरित केशवनगर), हडपसर (साडेसतरा नळी), शिवणे, शिवणे (उत्तमनगर), आंबेगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक, उंड्री, धायरी, फुरसुंगी, उरुळी देवाची. 'उर्वरित' या शब्दावर थांबा. उर्वरित म्हणजे आधी काही भाग गेलेला होता. आणि कंस बघा. महसुली गाव मुंढवा, त्यातला जो भाग बाहेर राहिला होता तो केशवनगर. महसुली गाव हडपसर, त्यातला बाहेर राहिलेला तुकडा साडेसतरा नळी. शिवणे हे नाव दोनदा आलंय, कारण महसुली गाव एक आणि पंचायती दोन. म्हणजे '११ गावे' यातलं 'गाव' कधी महसुली आहे, कधी पंचायतीचं, कधी नुसता तुकडा. केशवनगरच्या माणसाला "तुझं गाव कधी गेलं" विचारलं तर तो २०१७ सांगणार आणि मुंढव्याचा १९९७ सांगणार. सातबाऱ्यावर मात्र मौजे एकच, मुंढवा.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने पाडा आणि प्रत्येक माहिती कोणत्या रकान्यातली ते ठरवल्याशिवाय लिहू नका.

गाव नकाशा मिळवा आणि तो वाचायला शिका

पाया म्हणजे गाव नकाशा. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात अर्ज करून नक्कल मिळते. महाभूनकाशा संकेतस्थळावर बऱ्याच गावांचे नकाशे दिसतात. घरबसल्या अंदाज घ्यायला ते ठीक आहेत, पण जुनी शीव बघायची तर जुनाच नकाशा हवा. नक्कल मागताना स्कॅन मागा. झेरॉक्सची झेरॉक्स मिळाली तर कडेला नकाशा वाकडा होतो आणि तुम्ही नसलेली हद्दवाढ शोधत बसता.

नकाशा हातात आला की आधी मधलं काही बघू नका. कडा बघा. कडेनं लगतच्या गावांची नावं लिहिलेली असतात: उत्तरेला अमुकची शीव, पूर्वेला तमुकची. ज्या बिंदूला तीन गावांच्या शिवा मिळतात तिथे जमिनीवर दगड असायला हवा आणि नकाशावर त्याची खूण. हे तिहेरी बिंदू फार मोलाचे. दोन गावांच्या मधली रेघ माणसं नांगरून सरकवतात, पण तीन गावांच्या मधला दगड हलवायचा तर तीन गावांशी भांडण घ्यावं लागतं. त्यामुळे तो टिकतो. निदान टिकायचा, आता त्यावर सोसायटीची कंपाउंड वॉल असते.

मग प्रमाण बघा. जुन्या नकाशावर 'इंचाला २० साखळ्या' असं काही लिहिलेलं असेल. आमची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. २० साखळ्या म्हणजे ६६० फूट. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट; ४० गुंठ्यांचा एकर. पुढे हेक्टर-आर आले. एक हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे जवळजवळ २ एकर १९ गुंठे. हे हिशेब पाठ नसले तरी वहीत लिहून ठेवा, कारण जुना कागद एकरात बोलतो, नवा हेक्टरात आणि बिल्डर चौरस फुटात.

नकाशाबरोबर आकारबंद मागा. त्यात गावातल्या प्रत्येक सर्व्हे नंबराचं क्षेत्र आणि आकार, म्हणजे शेतसारा, असतो, शेवटी गावाची बेरीज. दोन वेगवेगळ्या काळातल्या आकारबंदांची बेरीज जुळवून पाहा. मोठा फरक आला तर मध्ये काहीतरी घडलंय: एखादी वाडी तोडून तिचं स्वतंत्र महसुली गाव झालं असेल, किंवा काही नंबर शेजारच्या गावात गेले असतील. त्याचा पुरावा कमी-जास्त पत्रकात, म्हणजे क.जा.प. मध्ये सापडतो. महसुली शीव खरोखर बदलली असेल तर ती इथे दिसणार, महापालिकेच्या कुठल्याही कागदात नाही. थोड्याशा गुंठ्यांच्या फरकानं मात्र हुरळून जाऊ नका. एकराचं हेक्टर करताना तेवढं इकडंतिकडं होतं.

आता त्रासाचा भाग. काही गावांत एकत्रीकरण योजना, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडण्याची योजना झाली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. वाघोलीत पत्ता सांगताना लोक गट नंबर सांगतात; शेजारच्या लोहगावात सर्व्हे नंबर. शीव ओलांडली की भाषा बदलते. तुमच्या गावात गट असतील आणि हातातला जुना कागद सर्व्हे नंबरचा असेल तर थेट तुलना करू नका. सर्व्हे नंबर ४२ आणि गट नंबर ४२ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. जुना नंबर आणि नवा गट असा तक्ता एकत्रीकरणाच्या कागदात असतो, तो आधी काढा. तलाठ्याकडे (आता पाटीवर 'ग्राम महसूल अधिकारी' लिहितात, पण हाक 'भाऊसाहेब' हीच) तो नसेल तर भूमी अभिलेखकडे असतो. जुने सातबारे आणि फेरफार बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन होऊन 'आपले अभिलेख'वर आलेत. ऑनलाइन शोधताना गावाच्या नावाचे दोन-तीन स्पेलिंग करून पाहा, खुर्द-बुद्रुक तपासा.

राजपत्र: तारीख इथेच मिळते

लोकांच्या आठवणीतली तारीख साधारणपणे बातमीची असते. मंत्रिमंडळात विषय आला तो दिवस, नाहीतर 'गावांचा समावेश होणार' असा मथळा आला तो दिवस. कायद्याची तारीख राजपत्राची.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम (मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम) याच्या कलम ३ खाली सरकार महापालिकेची हद्द वाढवू शकतं किंवा कमी करू शकतं. त्याच कलमात अशी अट आहे की आधी मसुदा प्रसिद्ध करायचा. म्हणजे कागद किमान दोन असणारच. पहिला प्रारूप अधिसूचना, हरकती-सूचना मागवणारी. दुसरा अंतिम. मध्ये महिने जाऊ शकतात, वर्षं जाऊ शकतात आणि मधल्या काळात यादी बदलू शकते. पुण्याचंच बघा. २०१४ मध्ये ३४ गावं घ्यायचा मसुदा निघाला. गाडी अडली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०१७ ला त्यातली ११ आली आणि उरलेली २३ आली ती ३० जून २०२१ च्या अधिसूचनेनं. जो माणूस '२०१४ ला आमचं गाव गेलं' म्हणतो त्यानं मसुदा वाचलेला असतो. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही, पण तारीख म्हणून ते वहीत लिहायचं नाही.

राजपत्र शासनाच्या ई-राजपत्र संकेतस्थळावर विभाग आणि तारीख घालून शोधता येतं. हद्दवाढीच्या अधिसूचना नगर विकास विभागाच्या असतात आणि बहुतेक 'असाधारण' भागात. जुन्यांसाठी शासकीय ग्रंथागार, नाहीतर विद्यापीठाचं किंवा जिल्ह्याचं जुनं ग्रंथालय. तेही जमलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. त्यात 'गावाच्या हद्दीबाबत सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर काही मिळणार नाही. 'अमुक मौजेचा समावेश करणाऱ्या अंतिम अधिसूचनेची अनुसूचीसह प्रत' असं लिहा.

अनुसूची हा अधिसूचनेचा जीव. वरचा मजकूर सगळीकडे सारखाच असतो, तो वाचण्यात वेळ घालवू नका. अनुसूचीत दोन प्रकार असतात. एक, गावांची नावं आणि 'संपूर्ण' किंवा 'अंशतः'. अंशतः असेल तर कोणते सर्व्हे नंबर. दुसरा, नव्या हद्दीचं वर्णन: उत्तरेस अमुक गावाची हद्द, तिथून ओढ्यानं पूर्वेकडे, तिथून अमुक सर्व्हे नंबरच्या पश्चिम बांधानं दक्षिणेस, असं फिरत फिरत सुरुवातीच्या बिंदूपाशी. हे वाचताना गाव नकाशा समोर पसरा, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्याला रेघ ओढत जा. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. मिळाली नाही तर दोन शक्यता: तुमचा नकाशा एकत्रीकरणानंतरचा आहे आणि वर्णन आधीचं, किंवा वर्णनातच छापण्याची चूक आहे. दुसरी असेल तर पुढच्या महिन्यांतलं शुद्धिपत्रक शोधा. शुद्धिपत्रकं कुणी वाचत नाही आणि नंबरांचा उलगडा नेमका तिथेच असतो.

आता सगळ्यात जास्त विसरलं जाणारं: वगळण्याची अधिसूचना. ११ सप्टेंबर १९९७ ला पुणे महापालिकेत ३८ गावं घेतली. हे सगळ्यांना माहीत असतं. २००१ मध्ये त्यातली १५ गावं पूर्ण वगळली आणि काहींचा तुकडा वगळला, हे त्या गावांना सोडून कुणाला आठवत नाही. त्यामुळे महापालिकेच्या नंतरच्या कागदांत '२३ गावे' असा उल्लेख येतो. सावध राहा, २०२१ ला आलेली २३ गावं ती ही नव्हेत. आकडा तोच, गावं वेगळी. या एका योगायोगानं किती लोकांनी चुकीचा विकास आराखडा काढून माझ्यापुढे ठेवलाय! आकडा दिसला की आधी विचारा, कोणत्या सालचे २३?

वगळण्याचं अगदी ताजं उदाहरण फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं. २०१७ ला आत आली, २०२४ ला अंतिम अधिसूचना निघून बाहेर आली आणि त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. कर शहराचा आणि सोयी गावाच्या, ही तक्रार वर्षानुवर्षं तिथे होती. शिवाय शहराचा कचरा डेपो उशाशी. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांची ये-जा याहून जुनी: १९८३ ला आत, २००२ ला बाहेर, २०१५ ला पुन्हा आत. म्हणून एक अंतिम अधिसूचना सापडली की फाईल बंद करू नका. त्यानंतर आजपर्यंत 'वगळणे' या शब्दानं पुन्हा शोध घ्या.

चौथ्या रकान्याबद्दल एवढंच: २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, पण त्यांचं नियोजन प्राधिकरण म्हणून सरकारनं पीएमआरडीएलाच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणालाच) नेमलं. म्हणजे कर एकाकडे आणि बांधकाम परवानगी दुसऱ्याकडे. त्या काळातल्या इमारतीचा मंजूर नकाशा पाहून 'हे गाव तेव्हा महापालिकेत नव्हतं' असा निष्कर्ष काढाल तर फसाल.

खरेदीखत, पंचायतीचं दप्तर आणि बाकीचे साक्षीदार

राजपत्र मिळेपर्यंत हात रिकामे ठेवायची गरज नाही. घरातली जुनी खरेदीखतं काढा. पुण्याकडच्या दस्तात मिळकतीच्या वर्णनाची सुरुवात ठरलेली असते: 'तुकडी पुणे, पोट तुकडी तालुका हवेली, जिल्हा परिषद पुणे व पंचायत समिती हवेली यांच्या हद्दीतील गाव मौजे...'. त्याच गावाच्या नंतरच्या दस्तात तिथे 'पुणे महानगरपालिकेच्या स्थळसीमेतील' येतं. वेगवेगळ्या वर्षांचे दस्त तारखेनं लावले की बदल कुठे झाला ते साधारण कळतं. साधारणच. दस्त लिहिणारे जुन्या दस्तावरून मजकूर उतरवतात, त्यामुळे महापालिकेत जाऊन वर्षं झाली तरी जिल्हा परिषद तशीच राहिलेली मी पाहिली आहे. हा धागा माना, पुरावा मानू नका. चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते, मात्र लक्ष देऊन वाचा. 'पूर्वेस: गावची शीव' असं लिहिलेला दस्त हाती लागला तर तो नंबर शिवेला लागून आहे हे कळलं.

ग्रामपंचायत विसर्जित होते तेव्हा तिचं दप्तर महापालिका ताब्यात घेते. घरांची करआकारणी म्हणजे नमुना ८, मासिक सभांची आणि ग्रामसभेची इतिवृत्तं, ठरावांची वही. शेवटच्या वर्षातली इतिवृत्तं जरूर मिळवा. हद्दवाढीला विरोधाचा ठराव, पाठिंब्याचा ठराव, कुठल्या वस्तीनं काय म्हटलं, सगळं तिथे असतं आणि बहुतेकदा वाचण्यासारखं असतं. दप्तर गठ्ठ्यात बांधून कुठल्या तरी खोलीत पडलेलं असणार. वरच्या गठ्ठ्यातच मिळेल अशी आशा धरू नका.

एक सोपा आणि दुर्लक्षित साक्षीदार म्हणजे जनगणनेची जिल्हा पुस्तिका. तीत प्रत्येक गावाचं क्षेत्र दिलेलं असतं. जनगणनेआधी प्रशासकीय हद्दी गोठवतात, त्यामुळे त्या त्या दशकातलं स्थिर चित्र मिळतं. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन पुस्तिका शेजारी ठेवून आपलं गाव शोधा. एकीत गाव स्वतंत्र, पुढचीत गायब किंवा क्षेत्र घटलेलं, असं दिसलं तर मधल्या दहा वर्षांत राजपत्र शोधायचं.

इंग्रज मोजणीच्या मागे जायचं असेल तर रस्ता पुणे पुराभिलेखागाराकडे, म्हणजे पेशवे दफ्तराकडे जातो. शिवेचे तंटे, महजर (गोतसभेचे निर्णय), निवाडे तिथे आहेत, पण मोडी लिपी यायला हवी किंवा मोडी येणारं माणूस हवं. त्या कागदांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: शीव कुठून जाते हे सांगायला गावच्या महाराला पुढे करत. शिवेची माहिती ही त्यांची वतनी जबाबदारी होती आणि त्यांच्या साक्षीला वजन होतं. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसालाच गावाची कड पाठ असायची. गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे वाक्य गाळू नये. आजही जुन्या शिवेबद्दल विचारायचं तर फक्त पाटलाच्या वाड्यावर जाऊन येऊ नका.

पायी फिरा

कागद जमले की नकाशा घेऊन शीव चालायची. सकाळी लवकर निघा, बरोबर गावातलं एखादं जुनं माणूस घ्या, शक्यतो शेती केलेलं. त्यांना 'हद्द कुठे' असं विचारू नका, मग ते महापालिकेची कमान दाखवतात. विचारा की पालखी कुठवर जायची, नारळ कुठे फुटायचा, तंट्यात बैल कुठे अडवले होते. बायकांना विचारा की वरात आली की सीमांतपूजन कुठे व्हायचं. आता ते कार्यालयाच्या दारात होतं, पण साठीच्या पुढच्या बाईला जागा आठवते आणि कुणाच्या लग्नात मानपानावरून तिथे किती वेळ खोळंबा झाला तेही.

ओढ्याच्या बाबतीत जपून. शीव ओढ्यानं जाते असं नकाशा सांगतो, पण तो मोजणीच्या वेळचा ओढा. आता ओढा पाइपात घालून सोसायटीच्या मागून वळवलेला असतो. नकाशावरची रेघ पाण्याबरोबर वळत नाही. जुना पूल, मोरी, देऊळ, जुनी विहीर यांच्यावरून जुनं पात्र कुठे होतं ते बसवा.

कॉम्प्युटर येणारं पोर घरात असेल तर स्कॅन केलेला गाव नकाशा क्यूजीआयएससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उपग्रह चित्रावर बसवता येतो. ताळमेळाचे बिंदू, म्हणजे नकाशा आणि चित्र दोन्हींत ओळखू येणाऱ्या जागा, चारही कोपऱ्यांत पसरून घ्या; सगळे गावठाणाजवळ घेतले तर गावठाण चोख बसतं आणि शीव शेजारच्या गावात जाते. तिहेरी बिंदू, रेल्वेची जुनी मोरी, दोन ओढ्यांचा संगम असे बिंदू उत्तम. नवा रस्ता घेऊ नका, तो जुन्या नकाशात नसतोच. आणि अचूकतेचा फार आव आणू नका. इंचाला २० साखळ्यांच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर चार मीटर. एक चारचाकी मावते तेवढ्यात.

शेवटी नोंद लिहिताना एका बदलाला एक ओळ: अंतिम अधिसूचनेची तारीख, कोणत्या रकान्यातली हद्द, संपूर्ण की अंशतः, अंशतः असेल तर कोणते नंबर (सर्व्हे की गट तेही लिहा), आत आलं की बाहेर गेलं आणि कागद कुठे पाहिला. मुंढव्याची नोंद केली तर १९९७ ची ओळ वेगळी, २०१७ ची केशवनगरची ओळ वेगळी, आणि महसुली रकान्यात दोन्ही वेळा 'बदल नाही'.

ही फाईल बांधाच्या भांडणात मात्र नेऊ नका. तुमचा नंबर कोणत्या हद्दीत येतो एवढंच ती सांगते. तुमचा बांध शेजाऱ्यानं किती खाल्ला हे सांगत नाही. त्यासाठी हद्द कायम मोजणीचा अर्ज भरा, लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते बरोबर द्या, नाहीतर नोटीस परत येते आणि तारीख पुढे जाते. दोन गावांच्या शिवेचाच वाद असेल तर तो महसूल संहितेच्या कलम १३३ आणि १३५ खाली भूमापन अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यापुढे चालतो. तिथे वकिलाच्या आधी गाव नकाशाची प्रमाणित नक्कल आणि आकारबंद काढून ठेवा.